थाट, मूर्च्छना आणि मोड पेटीवर कसे वाजवावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात गावोगावच्या भजनी मंडळांत, सप्ताहात आणि काकड्याला पेटी वाजवणाऱ्यांसाठी, तसेच घरी कीबोर्डवर शिकणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. पट्ट्यांची नावे पेटीवाल्यांच्या बोलीत दिली आहेत. इंग्रजीतला सी म्हणजे पांढरी 1, तिथून उजवीकडे बी पर्यंत पांढरी 7. सी आणि डी यांच्यामधली काळी 1, पुढची काळी 2, मग एकत्र असलेल्या तिघी काळी 3, 4 आणि 5.

मोड म्हणजे नेमके काय?

सात सुरांचा एकच संच घ्यायचा आणि त्यातल्या वेगवेगळ्या सुराला सा मानायचे. सा बदलला की बाकीच्या सुरांची त्याच्यापासूनची अंतरे बदलतात. म्हणून त्याच सात पट्ट्यांतून वेगळा रंग ऐकू येतो. अशा प्रत्येक रंगाला पाश्चात्त्य संगीतात मोड म्हणतात. आपल्याकडे सा सरकवण्याच्या या क्रियेला मूर्च्छना म्हणतात आणि त्यातून मिळणाऱ्या स्वरसंचांपैकी सहा संच आपण थाटांच्या नावाने ओळखतो.

कोणता मोड म्हणजे कोणता थाट?

फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवायच्या. काळीला हात लावायचा नाही. पुढचे आकडे म्हणजे एका सुरापासून पुढच्या सुरापर्यंत किती पट्ट्या सरकायचे. काळ्या आणि पांढऱ्या दोन्ही मोजायच्या.

पांढरी 1 ला सा : बिलावल, आयोनियन. 2-2-1-2-2-2-1
पांढरी 2 ला सा : काफी, डोरियन. 2-1-2-2-2-1-2
पांढरी 3 ला सा : भैरवी, फ्रिजियन. 1-2-2-2-1-2-2
पांढरी 4 ला सा : कल्याण, लिडियन. 2-2-2-1-2-2-1
पांढरी 5 ला सा : खमाज, मिक्सोलिडियन. 2-2-1-2-2-1-2
पांढरी 6 ला सा : आसावरी, एओलियन. 2-1-2-2-1-2-2
पांढरी 7 ला सा : लोक्रियन. 1-2-2-1-2-2-2

शेवटच्या संचात पंचमच मिळत नाही. पांढरी 7 पासून पंचम हवा तर काळी 3 लागते आणि ती या संचात नाही. पंचमाच्या जागी तीव्र (एक पट्टी चढलेल्या) मध्यमाची पट्टी येते आणि शुद्ध मध्यमही असतोच. आपल्याकडे सा आणि प अचल मानले आहेत, त्यामुळे या संचाचा थाट झाला नाही. पेटीवर सरावापुरता वाजवून पाहायला हरकत नाही, पण चाल बांधायला तो निरुपयोगी आहे.

पांढरी 2 पासून वाजवतो, तरी काफी वाटत नाही. बिलावलच ऐकू येतो. असे का?

शिकणाऱ्यांची सर्वात मोठी अडचण हीच आहे. पांढरी 2 पासून पांढरी 2 पर्यंत बोटे फिरवली म्हणून काफी होत नाही. कानाने सा कुठे धरला आहे, त्यावर सगळे ठरते. लहानपणापासून कानाला पांढरी 1 पासूनच्या सरगमची सवय असते. मागे सुराचा भरणा, म्हणजे सतत वाजणारा आधाराचा सूर, नसेल, तर कान आपोआप पांढरी 1 लाच सा मानतो आणि तुमचा काफी त्याला "रे पासून सुरू केलेला बिलावल" असा ऐकू येतो.

उपाय ठरलेला आहे. वाजवण्याआधी तानपुरा सुरू करा. मोबाइलवरचा चालेल. त्याचा सा पांढरी 2 वर म्हणजे डी वर लावा आणि पहिली तार पंचमाची ठेवा. मिनिटभर काहीही न वाजवता फक्त ऐका, मग सा म्हणा. त्यानंतर सा-रे-सा, सा-ग-सा, सा-म-सा असा प्रत्येक सुरावरून परत सा वर या. कोमल (एक पट्टी उतरलेले) ग आणि नी इथे आपापल्या जागी ऐकू येऊ लागतात. पांढरी 1 हा आता कोमल नी आहे, सा नाही. त्यावर थांबायचे नाही. ओळ पांढरी 1 वर संपवली की सगळी मेहनत वाया जाते, कारण कान लगेच जुन्या घरी परततो.

मूर्च्छना ही कल्पना किती जुनी आहे? आपल्या भागाशी तिचा काही संबंध आहे का?

भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्राम आणि मध्यमग्राम असे दोन ग्राम, म्हणजे सात सुरांचे मूळ संच, आहेत. प्रत्येकाच्या सात, म्हणजे एकूण चौदा मूर्च्छना सांगितल्या आहेत. षड्जग्रामाची श्रुतींची, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांची, मांडणी 4-3-2-4-4-3-2 अशी आहे आणि ती आजच्या काफीच्या जवळ जाते.

मराठवाड्याचा संबंध तर अगदी थेट आहे. ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ 13 व्या शतकात देवगिरीला, आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने लिहिला गेला. ग्रंथकर्त्या शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे आणि तो स्वतः दरबारात मोठ्या अधिकारावर होता. ग्रंथाचे सात अध्याय आहेत आणि ग्राम-मूर्च्छनांचे विवेचन पहिल्या, स्वरगताध्यायात येते. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा या ग्रंथाला आधार मानतात. पेटी शिकणाऱ्या इथल्या प्रत्येक मुलाला हे माहीत असायला हवे.

आमच्या मंडळाची पट्टी काळी 1 आहे. तिथे पांढऱ्या पट्ट्यांचा हिशोब कसा चालणार?

चालत नाही, आणि इथेच अनेकांचे शिकणे थांबते. पांढऱ्यांचा हिशोब समजण्यापुरता ठेवायचा. प्रत्यक्षात सा एका जागी ठेवून थाट बदलता आले पाहिजेत, कारण बुवा अभंगागणिक पट्टी बदलत नाहीत.

काळी 1 ला सा धरला की मांडणी लक्षात ठेवायला सोपी आहे. शुद्ध सूर असे : सा काळी 1, रे काळी 2, ग पांढरी 4, म काळी 3, प काळी 4, ध काळी 5, नी वरच्या सप्तकातली पांढरी 1. विकृत सूर असे : कोमल रे पांढरी 2, कोमल ग पांढरी 3, तीव्र म पांढरी 5, कोमल ध पांढरी 6, कोमल नी पांढरी 7. म्हणजे पाचही विकृत सूर पांढरीवर येतात. एवढे पाठ झाले की काळी 1 मधला कोणताही थाट न अडखळता निघतो.

बोटांची मांडणी पहिल्या दिवसापासून ठरवून घ्या. बिलावलसाठी तर्जनी काळी 1, मधले बोट काळी 2, अंगठा पांढरी 4, तर्जनी काळी 3, मधले काळी 4, अनामिका काळी 5, अंगठा पांढरी 1, आणि तार सा पुन्हा तर्जनीने. भैरवीसाठी मधले बोट काळी 1, अंगठा पांढरी 2, तर्जनी पांढरी 3, मधले काळी 3, अनामिका काळी 4, अंगठा पांढरी 6, तर्जनी पांढरी 7, तार सा मधल्या बोटाने.

दोन्हीत अंगठा फक्त पांढरीवर पडतो. अंगठा काळीवर नेला की मनगट आत ढकलले जाते, बाकीची बोटे पट्ट्यांच्या फटीत अडकतात आणि द्रुत लयीत सूर गळतात. गजर चढत गेला आणि पेटी मागे पडली, तर कारण बहुतेक वेळा इथेच सापडते.

सगळे थाट लक्षात ठेवायला काही क्रम आहे का?

आहे, आणि सरावाला याहून चांगला क्रम नाही. सा न हलवता कल्याणापासून सुरुवात करा आणि दर वेळी एकच सूर उतरवा.

कल्याणात म तीव्र, बाकी सगळे शुद्ध. म शुद्ध केला की बिलावल. नी कोमल केला की खमाज. ग कोमल केला की काफी. ध कोमल केला की आसावरी. रे कोमल केला की भैरवी. उतरण्याचा क्रम म, नी, ग, ध, रे असा आहे.

प्रत्येक पायरीवर नुकताच बदललेला सूर लांबवून ऐका. खमाजातून काफीत जाताना ग उतरतो, तेव्हा सगळ्या थाटाचा रंग बदलतो. त्या मानाने बिलावलातून खमाजात जाताना होणारा फरक सौम्य असतो. हा फरक कानात बसला की नवीन चाल ऐकताना थाट ओळखणे सोपे जाते.

मग भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी कुठे गेले?

विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी दहा थाट मांडले. त्यातले सहा पांढऱ्या पट्ट्यांच्या मूर्च्छनेतून मिळतात, हे चार मिळत नाहीत. पांढऱ्यांच्या संचात लागोपाठच्या दोन सुरांत कुठेही दोन पट्ट्यांपेक्षा जास्त अंतर नाही. या चौघांत मात्र तीन पट्ट्यांची उडी येते : भैरव, पूर्वी आणि मारव्यात कोमल रे ते शुद्ध ग, तर तोडीत कोमल ग ते तीव्र म. सा कुठेही सरकवला तरी अशी उडी पांढऱ्यांतून निघत नाही.

म्हणून हे चार वेगळे पाठ करा. भैरव : रे, ध कोमल. पूर्वी : रे, ध कोमल, म तीव्र. मारवा : रे कोमल, म तीव्र. तोडी : रे, ग, ध कोमल, म तीव्र. न सांगितलेले सूर शुद्ध.

दहा थाटांतही सगळे राग बसत नाहीत. अहिर भैरवात रे आणि नी कोमल, चारुकेशीत ध आणि नी कोमल, मधुवंतीत ग कोमल आणि म तीव्र. यांना ओढूनताणून एखाद्या थाटात बसवण्यापेक्षा त्यांचे सूर सरळ पाठ करावेत.

थाट आला म्हणजे राग आला का?

नाही. थाट म्हणजे फक्त कोणते सूर घ्यायचे याची यादी. राग म्हणजे ते सूर कसे घ्यायचे, कुठे थांबायचे, काय टाळायचे याची रीत. भीमपलास आणि बागेश्री दोन्ही काफी थाटाचे, दोघांचा वादी (सर्वात महत्त्वाचा सूर) म आणि संवादी (त्याखालोखालचा) सा. तरी भीमपलासाच्या आरोहात रे आणि ध वर्ज्य असतात, नी-सा-ग-म-प अशी चढण असते आणि प वर आत्मविश्वासाने थांबता येते. बागेश्रीत ग-म-ध-नी अशी चढण, ध ला महत्त्व, आणि प अगदी थोडा, तोही वळणाने. पेटीवाल्याने बागेश्रीतल्या अभंगामागे सरळ सा-रे-ग-म-प भरला, तर सूर सगळे बरोबर असूनही बागेश्री पुसली जाते.

आणखी टोकाचे उदाहरण भूप आणि देसकार यांचे. दोघांत सा रे ग प ध हेच पाच सूर. भूपात ग वादी आणि चलन मंद्र-मध्य सप्तकांत, देसकारात ध वादी आणि ओढ वरच्या अंगाला.

नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबला गाइले जाणारे गुरुबाणीचे शबद गुरु ग्रंथ साहिबात रागांनुसार मांडलेले आहेत. थाटांची वर्गवारी पुष्कळ नंतरची. गाणाऱ्याच्या मनात आधी राग असतो, म्हणून साथीला बसण्यापूर्वी रागाचे नाव विचारावे आणि त्याची पकड, म्हणजे राग ओळखू येणारी छोटी स्वरावली, तरी वाजवून घ्यावी.

भूपातून मालकंस निघतो म्हणतात, ते कसे?

पाच सुरांची मूर्च्छना सात सुरांपेक्षा जास्त रंगतदार लागते, कारण प्रत्येक वेळी ओळखीचा राग समोर येतो. पांढरी 1 ला सा धरून भूप घ्या : पांढरी 1, 2, 3, 5, 6. आता याच पाच पट्ट्या ठेवा आणि तानपुऱ्याचा सा बदला.

पांढरी 2 ला सा : सा रे म प कोमल नी, म्हणजे मधमाद सारंगाचे सूर. पांढरी 3 ला सा : सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे मालकंस. पांढरी 5 ला सा : सा रे म प ध, दुर्गा. पांढरी 6 ला सा : सा, कोमल ग, म, प, कोमल नी, धानी.

मालकंसाच्या वेळी तानपुऱ्याची पंचमाची तार मध्यमावर लावायला विसरू नका. या रागात पंचम वर्ज्य आहे. मागे पंचम वाजत राहिला तर म आणि कोमल ध दोन्ही अस्वस्थ ऐकू येतात आणि चूक बोटांत शोधत बसावे लागते.

गायक मध्येच मूर्च्छना करतात तेव्हा पेटीवाल्याने काय करावे?

मूळ सा सोडू नये. समजा, भूप चालू आहे आणि बुवा ग वर ठाण मांडून मालकंसाची आठवण करून देत आहेत. त्या चार-दोन आवर्तनांत तुम्ही त्यांच्या ओळीमागे सावकाश जा, पण पेटीचा भरणा मूळ सा चाच राहू द्या. श्रोत्याला आनंद होतो तो दोन्ही सा एकाच वेळी जाणवल्यामुळे. पेटीवाल्याने ग ला सा मानून तिथेच भर टाकली, तर गायकाचा परतीचा रस्ता बंद होतो आणि सम पकडताना सूर हलतो. त्या वेळी कमी वाजवणे हेच बरोबर. गायक मूळ सा वर आला की तो सूर ठळकपणे द्या.

कीर्तनाच्या किंवा भजनाच्या शेवटच्या भैरवीत सगळेच सूर ऐकू येतात. थाटात तर चार कोमल आहेत ना?

भैरवी थाटात रे, ग, ध, नी कोमल. भैरवी रागात मात्र प्रत्यक्ष गाताना शुद्ध रे, तीव्र म आणि इतरही सूर कौशल्याने घेतले जातात, बाराच्या बारा सूर येऊ शकतात. त्यांना मोकळे सोडायचे नाही, हे बंधन आहे. शुद्ध रे आला की तो बहुधा कोमल ग च्या आधाराने येतो आणि ओळ अखेर कोमल रे वरून सा वर उतरते. नवशिक्याने आधी महिनाभर फक्त थाटाचे सात सूर वाजवावेत. कोमल रे-सा हा उतार हातात पक्का बसल्याशिवाय शुद्ध रे घेतला, तर भैरवीची आसावरी होते.

कीबोर्डवर किंवा गिटारवर कॉर्ड द्यायच्या असतील तर?

प्रत्येक मोडची ओळख दोन कॉर्डमध्ये राहते. पांढऱ्या पट्ट्यांवरच पाहा. काफी : डी मायनर आणि जी मेजर. भैरवी : ई मायनर आणि एफ मेजर. कल्याण : एफ मेजर आणि जी मेजर. खमाज : जी मेजर आणि एफ मेजर. आसावरी : ए मायनर आणि एफ मेजर.

दोनच कॉर्ड आलटूनपालटून द्या. तिसरी घालायचा मोह झाला की लोक हमखास सी मेजर घालतात, आणि काफीत डी मायनर, जी, सी अशी साखळी वाजली की कान सी वर घर करतो. जी सेव्हन्थ तर टाळाच, तो सी कडेच ओढतो. भजनाच्या साथीत शंका असेल तेव्हा कॉर्ड न देता सा-प धरून ठेवणे केव्हाही चांगले, कारण बरेच राग तिसऱ्या सुराचा सततचा भरणा सहन करत नाहीत.

पेटीच्या सूर-स्टॉपचा भरणा वापरावा का?

तो सूर तुमच्या सा शी जुळत असेल तरच. हे स्टॉप ठरावीक पट्ट्यांचेच असतात, बहुतेक पेट्यांत काळ्यांचे. पांढरी 2 ला सा धरून काळी 1 चा स्टॉप ओढला, तर सतत शुद्ध नी वाजत राहतो आणि काफी कधीच जमत नाही. शिवाय स्टॉप उघडा असला की हवा जास्त लागते, भाता लवकर रिकामा होतो.

मोबाइलचा तानपुरा वापरताना आधी तो पेटीशी जुळवा. जुन्या पेट्यांचे रीड नेमक्या 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असतीलच असे नाही आणि उन्हाळ्यात-हिवाळ्यात त्यात थोडा फरकही पडतो. पेटीचा सा दाबून धरा आणि ॲपमधली बारीक सूर जुळवणी कंप थांबेपर्यंत हलवा.

पेटी जुळलेली असूनही काही रागांत ग खटकतो. का?

पेटीचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात. तानपुऱ्यातून नैसर्गिकपणे उमटणारा शुद्ध ग पेटीच्या ग पेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली असतो, म्हणून लांब धरला की घासतो. दरबारीचा ग तर आणखी खाली उतरून आंदोलित होतो आणि पेटीवर आंदोलन घेताच येत नाही. अशा वेळी त्या सुरावर बोट टेकवून लगेच उचला, लांबवायचे काम गायकावर सोडा, आणि भाता हलका ठेवा.

स्केल चेंजर पेटी असेल तर एवढे पाठ करायची गरज आहे का?

आहे. गायकाची पट्टी बदलली की स्केल चेंजर तुमची बोटे वाचवतो, पण तोच सा ठेवून थाट बदलणे त्याच्याने होत नाही. शिवाय गावात सप्ताहाला बसलात की देवळातली पेटी वाजवावी लागते आणि ती साधी असते.

रोज किती आणि कसा सराव करावा?

अर्धा तास पुरे. पहिली पाच मिनिटे तानपुऱ्यासोबत फक्त सा आणि प. पुढची दहा मिनिटे कल्याण ते भैरवी हा उतरता क्रम, प्रत्येक थाट आरोह-अवरोह दोनदा, मिनिटाला 60 ठोक्यांच्या लयीत ठोक्याला एक सूर. उरलेला वेळ एकाच थाटातल्या एका रागाला. आठवडाभर तोच राग ठेवा. रोज नवा थाट घेणाऱ्याला आठवड्याअखेरीस एकही हाताशी लागत नाही.

अनोळखी चाल ऐकून थाट पटकन कसा ओळखायचा?

आधी सा शोधा. धृपद जिथे विसावते, टाळकरी जिथे ओळ सोडतात, तो सूर बहुधा सा. तो पेटीवर हलकेच दाबून खात्री करा, आणि मग ग तपासा.

ग शुद्ध असेल तर रे पाहा. रे ही शुद्ध असेल, तर तीव्र म आला की कल्याण. म शुद्ध आणि नी कोमल असेल तर खमाज. दोन्ही शुद्ध असतील तर बिलावल. ग शुद्ध पण रे कोमल असेल तर म पाहा : शुद्ध म असला तर भैरव, तीव्र म आणि कोमल ध असला तर पूर्वी, तीव्र म आणि शुद्ध ध असला तर मारवा.

ग कोमल असेल तरीही रे पाहा. रे शुद्ध आणि ध शुद्ध असेल तर काफी, ध कोमल असेल तर आसावरी. रे ही कोमल असेल तर म शुद्ध असल्यास भैरवी, तीव्र असल्यास तोडी.

एखादा सूर चालीत आलाच नाही, तर तो आपल्या मनाने भरू नका. पहिल्या दोन कडव्यांत फक्त ऐकलेले सूर वाजवा. तिसऱ्या कडव्यापर्यंत बुवांच्या आलापातून उरलेला सूर बहुधा कळतो.